छोटी, संथ गोळी जास्त सुरक्षित?

ब्रिटनमध्ये कोकरं आणि कोंबड्या राखण्यासाठी शेतकरी रायफलने कोल्हा मारतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्रे सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर बंदी आली, रायफलवर नाही. तिथे एक समज आहे: पॉइंट टू-टूची (0.22 इंच नळीच्या हलक्या रायफलची) छोटी, संथ गोळी सुरक्षित, वेगवान गोळी धोक्याची.

हे साफ चूक आहे.

टू-टूची शिशाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, वेग सेकंदाला 320 मीटरच्या आसपास. कडक जमिनीवर तिरकी आपटली तर ती बहुतेकदा फुटत नाही. तळ्यावर फेकलेला चपटा दगड टप्पे घेत जातो तशी उसळून भलतीकडेच जाते. पॉइंट टू-टू-थ्री या मोठ्या काडतुसाच्या रायफलची साडेतीन ग्रॅमची गोळी जवळपास तिप्पट वेगाने सुटते. कोल्ह्यासाठीच्या गोळीवर तांब्याचं पातळ कवच आणि पुढे प्लॅस्टिकचं टोक असतं. आपटताच ते टोक मागे दाबलं जातं, कवच फाटतं, गोळीचे तुकडे होतात. उसळण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो, संपत मात्र नाही. म्हणून कोल्ह्यामागे गोळी अडवणारा मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचाच नाही. नेम चुकला तर ही गोळी कितीतरी लांब जाते.

मला जास्त सलतं ते जनावराचं. टू-टूची ताकद जेमतेम 130 ज्यूल, टू-टू-थ्रीची 1,700 च्या घरात. अंतर जरा वाढलं की टू-टूने कोल्हा जखमी होतो, बिळात शिरतो आणि तिथे तडफडत मरतो.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपला कोल्हा आणि खोकड (ब्रिटनमधल्या कोल्ह्याचा भाऊबंद) दोघांनाही संरक्षण आहे.