आर्डुइनो ऊनो आर३ बोर्डवर कोडच्या एका ओळीचा वेळ कसा मोजावा

बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद सांगणारं मायक्रोस फंक्शन ओळीच्या आधी आणि नंतर वाचलं, वजाबाकी केली आणि उत्तर कधी ०, कधी ४, कधी ८ आलं, तर बोर्ड बिघडलेला नाही. मोजपट्टी जाड आहे. बोर्डवरची चिप, एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एक सायकल, तिच्या घड्याळाचा एक ठोका, ६२.५ नॅनोसेकंदांची. मायक्रोस मात्र चिपमधल्या टायमर-० या काउंटरवरून वाचतं आणि तो ६४ सायकलींनी एकदाच सरकतो. ४ मायक्रोसेकंदांहून बारीक काही त्याला दिसत नाही. अ‍ॅनालॉगरीडला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात, तिथे ते चालतं. एका बेरजेसाठी नाही.

बारीक कामाला टायमर-१ घ्या. सेटअपमध्ये त्याच्या सेटिंगच्या रजिस्टरांपैकी टीसीसीआर१ए ला ० आणि टीसीसीआर१बी ला १ द्या, म्हणजे तो प्रत्येक सायकलीला सरकेल. पहिलं शून्य विसरू नका. आर्डुइनो हा टायमर पीडब्ल्यूएमसाठी (पिन झपाट्याने चालू-बंद करण्यासाठी) आधीच लावून ठेवतं, त्यामुळे तो २५५ पर्यंत चढून परत उतरत राहतो आणि आकडे वेडेवाकडे येतात. मग इंटरप्ट (चालू कोड थांबवून मध्येच होणारी कामं) बंद करा, टीसीएनटी१, म्हणजे टायमरचा चालू आकडा, शून्य करा, तुमची ओळ चालवा, टीसीएनटी१ व्हेरिएबलमध्ये घ्या, इंटरप्ट चालू करा. छापायचं ते यानंतर. ६५,५३६ सायकलींनी, म्हणजे ४.०९६ मिलिसेकंदांनी, टायमर पुन्हा शून्यावर येतो.

इंटरप्ट बंद न केल्यास टायमर-० चा इंटरप्ट दर १.०२४ मिलिसेकंदांनी मध्ये घुसतो आणि एखादंच रीडिंग उगाच फुगतं. उलट ते मिलिसेकंदाहून जास्त बंद ठेवले, तर मिलिसेकंद सांगणारं मिलिस फंक्शन मागे पडू लागतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो कोड चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर. उत्तर पुढे कुठे वापरलंच नाही, तर तो गणितच गाळून टाकतो. आकडे आधीच ठाऊक असतील, तर उत्तर स्वतः काढून ठेवतो. वापरलं, तरी भागाकारासारखं गणित मोजणीच्या बाहेर सरकवू शकतो. म्हणून गणिताचे दोन्ही आकडे आणि उत्तर व्होलाटाइल ठेवा, म्हणजे ते दर वेळी मेमरीतूनच वाचले-लिहिले जातील. त्यांची ने-आण मात्र प्रत्येक बाइटला २ सायकली खाते. तेव्हा त्याच व्हेरिएबलांची नुसती ने-आण, गणित न करता, एकदा मोजा आणि ती वजा करा. फ्लोटच्या बेरजेचा वेळ आकड्यांप्रमाणे बदलतो, एका रीडिंगवर विसंबू नका.

मोजणीच्या आत सीरियल प्रिंट नकोच. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला सुमारे १.०४ मिलिसेकंद जातात. पाठवायची अक्षरं साठवणारा ६४ बाइटचा बफर भरेपर्यंत काही जाणवत नाही, भरला की कोड अचानक अडतो.

पिनवरचा सिग्नल दाखवणारा स्कोप किंवा लॉजिक अ‍ॅनालायझर असेल, तर पिन ८ ओळीआधी हाय, नंतर लो करा. डिजिटलराइटने नको, त्यालाच काही मायक्रोसेकंद लागतात. थेट पोर्टबी रजिस्टरचा बिट ० बदला, पिन ८ तोच. पल्सच्या रुंदीतून पिन लो करायला लागणाऱ्या २ सायकली, म्हणजे १२५ नॅनोसेकंद, वजा करा. या बोर्डवर एटीमेगा३२८पी च्या घड्याळाला क्रिस्टल नसून त्याहून कमी अचूक सिरॅमिक रेझोनेटर आहे. त्यामुळे स्कोपचा आकडा सायकलींच्या हिशोबापासून साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत हलू शकतो. दोन कोडांची तुलना करताना सायकलीच धरा.

मोजून झालं की टायमरच्या ओळी काढून टाका. सर्व्हो लायब्ररी आणि पिन ९, १० चं पीडब्ल्यूएम याच टायमरवर चालतात.