मॉडेल गाड्यांवरचा टू-के क्लिअर : एका वादाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड या भागांत १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मापाच्या मॉडेल गाड्या करणारे दोघे भेटले की गप्पा फार वेळ किटवर, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचावर राहत नाहीत. विषय शेवटच्या थरावर येतो. चकाकी मॉडेलसाठी बनवलेल्या, थिनर उडून वाळणाऱ्या लॅकरने आणायची, की गॅरेजवाले हार्डनर मिसळून वापरतात त्या पारदर्शक टू-के क्लिअरने? वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण मराठवाड्यात टू-के कुणी तुलना करून निवडलेला नाही. दुकानात जे मिळत होते ते लोकांनी उचलले आणि त्याचे गुणदोष मागाहून कळत गेले.

दूरचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मोटारीवर व्हार्निशचे हात देत आणि एक गाडी वाळून बाहेर पडायला आठवडे जात. १९२३ मध्ये अमेरिकेत ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि हे काम तासांवर आले. आपल्याकडचे रंगारी फर्निचरवर गनने मारलेल्या चकचकीत रंगाला अजूनही ‘ड्यूको’च म्हणतात, ते नाव तिथले. पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ मध्ये जर्मनीत हाती लागले. खाली रंग आणि वर वेगळा पारदर्शक थर ही पद्धत मोटार कारखान्यांत सर्रास झाली ती १९८० च्या दशकात. तोवर प्लास्टिक किटचा धंदा चांगलाच पसरला होता आणि जपानी कंपन्यांचे किटच्या प्लास्टिकला सोसतील असे लॅकरचे स्प्रे कॅन परदेशी हौशी मंडळींच्या हाती पडले.

इथली गोष्ट सुरू होते छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजपासून. १९८५ मध्ये तिथे दुचाकीचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग टाक्या, मडगार्ड, साइड पॅनेल रंगवून देणारे छोटे पुरवठादार उभे राहिले. २००१ मध्ये शहराच्या दुसऱ्या बाजूच्या शेंद्र्याला मोटारींची जुळणी सुरू झाली. दुचाकीच्या टाकीवर आधी रंग, मग स्टिकर आणि त्यावर क्लिअर हे काम इथल्या कितीतरी पोरांनी नोकरी म्हणून केले आहे. मॉडेलवर डिकल (बारीक छापील स्टिकर) चिकटवून त्यावर चकाकी चढवणे हे तेच काम, फक्त मापाने लहान. माझ्या पाहण्यातले सगळ्यात सफाईदार हात हे पेंट शॉपमधून आलेल्यांचे आहेत, पुस्तक वाचून शिकलेल्यांचे नव्हेत. शिवाय या उद्योगामुळे आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांमुळे क्लिअर, हार्डनर आणि थिनर शहरातल्या ऑटो पेंटच्या दुकानांत सहज मिळू लागले.

किटचे तसे नव्हते. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले. त्यानंतरही किट इकडे पोचायचे ते मुंबई-पुण्याहून कुणी आणले तरच. पुढे घरबसल्या मागवायची सोय झाली, तेव्हा वेगळीच अडचण निघाली. ज्वलनशील वायू भरलेला डबा साधे कुरिअर विमानाने नेत नाही. त्यामुळे किट घरी यायचे आणि त्यावर मारायचा लॅकरचा डबा यायचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. स्केल मॉडेल याच गटात मोडतात. एवढे पैसे किटवर गेल्यावर चकाकीसाठी माणूस जवळचे दुकान पाहणार, हे ओघाने आलेच.

जवळच्या दुकानातला पहिला पर्याय होता लाकडावर मारायचा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा क्लिअर. तो बहुतेकांना महागात पडला. किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. थर्माकोलही तेच, फक्त फुगवलेले. थिनरचा थेंब पडला की थर्माकोलला भोक पडते. किटचे प्लास्टिक विरघळून जात नाही, पण बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात आणि रंगाखालून त्या दिसत राहतात. चिरा पडल्या नाहीत तरी वर्षा-दोन वर्षांत पांढरी गाडी पिवळसर होते. त्यात आपली हवा. जुलै-ऑगस्टमध्ये थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढरा पडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा फवारा गाडीवर पोचण्याआधीच निम्मा कोरडा होतो आणि हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो.

टू-के या दोन्ही ऋतूंत पुष्कळ सोशिक ठरला. तो नुसता वाळत नाही. हार्डनरबरोबर त्याची रासायनिक जोडणी होते, म्हणून तो पुन्हा थिनरने विरघळत नाही आणि पॉलिशला दाद देतो. दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिशचे कंपाउंड फिरवले की गाडीच्या छतात ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची कड सरळ, न थरथरता दिसते. ही कड एकदा पाहिलेला माणूस परत लॅकरकडे सहसा वळत नाही.

टू-केवरचा पहिला आक्षेप आहे जाडीचा आणि तो हिशेबाने खरा आहे. खऱ्या मोटारीवर क्लिअरचा थर साधारण ४० मायक्रॉनचा असतो. तेवढाच थर १:२४ च्या मॉडेलवर बसला, तर त्या मापात तो जवळपास एक मिलिमीटर होतो. दाराची फट पाहा, छताच्या कडेची पन्हळ पाहा, हँडलखालची खोलगट जागा पाहा. क्लिअर तिथे साचलेला असेल तर गाडी खडीसाखरेत बुडवल्यासारखी दिसते. पण लॅकरवाले एक गोष्ट सोडून बोलतात. लॅकरचे एक-दोन हात पॉलिशला पुरत नाहीत, चार-सहा द्यावे लागतात आणि बेरीज तिथेच जाते. रंगाआधी फटी सुईने खोल करून घेतल्या आणि टू-के एअरब्रशने, म्हणजे बारीक फवाऱ्याच्या छोट्या गनने पातळ मारला, तर जाडीचा मुद्दा माझ्या मते उरत नाही.

दुसरा आक्षेप श्वासाचा आहे. त्याला मिळायला हवी तेवढी जागा या वादात कधीच मिळालेली नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हा शब्द ऐकला की आपल्याकडे १९८४ चे भोपाळ आठवते. तो वायू मिथाइल आयसोसायनेट होता. हार्डनरमध्ये असते ते हेक्सामेथिलिन डायआयसोसायनेटपासून बनवलेले संयुग. कुळ एक, पदार्थ वेगळा. भोपाळची भीती इथे लागू नाही. गडबड अशी झाली की ती खोडून काढता काढता लोकांनी खरा धोकाही मोडीत काढला. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो, हे कारखान्यांतल्या रंगाऱ्यांवरून पक्के ठाऊक आहे. शरीराने एकदा त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही छाती भरते. पातळी धोक्याची झाली तरी नाकाला पत्ता लागत नाही, त्यामुळे मास्कला लावलेले गाळणीचे काडतूस केव्हा संपले हेही कळत नाही. कारखान्यात यासाठी फवारा ओढून घेणारा बंद बूथ असतो आणि नळीने बाहेरची हवा पुरवणारा मास्क असतो. पेंट शॉपमधले कसब घरी आले, हे दोन्ही मागेच राहिले. गॅलरीत, बाथरूममध्ये, बंद खोलीत पंखा लावून फवारणी चालते आणि शेजारच्या खोलीत लेकरं असतात. ‘आम्ही वर्षानुवर्षे मारतोय, काही झालं नाही’ हे उत्तर मला मान्य नाही, कारण हा त्रास ज्याला होतो त्याला आधी सांगून होत नाही.

युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून ०.१ टक्क्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. हौशी माणूस त्या नियमात थेट येत नाही, पण तिकडच्या मॉडेलकारांत त्यानंतर टू-केबद्दलची भाषा बदलली आहे.

तिसरा मुद्दा अलीकडचा, जुन्या गाड्या करणाऱ्यांचा. अँबेसिडर किंवा फियाट यांच्या साध्या रंगांवर वेगळा क्लिअर नसायचा, मग मॉडेलवर आरशासारखी चकाकी का? लाल-पिवळी एसटी करणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. चिकलठाण्याच्या कार्यशाळेतून नवीन बांधून निघालेली बसही शोरूममधल्या मोटारीसारखी कधी चमकली नाही. या कामाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक क्लिअर पुरतो, त्याला हार्डनर लागत नाही. मात्र तो घासायला मऊ पडतो आणि आपल्या उन्हाळ्यात एअरब्रशच्या टोकाशीच वाळून बसतो, म्हणून त्यात वाळणे लांबवणाऱ्या रिटार्डरचे थेंब घालून भल्या पहाटे मारणारे लोक आहेत.