ऑर्गन मूळचा, पेटी-ढोलकी परकी? एक खुलासा

ऑर्गन हे उपासनेचे मूळ ख्रिस्ती वाद्य आहे आणि पेटी, ढोलकी, झांजा मागाहून घुसल्या आहेत, असे सांगणारे नवापूर-नंदुरबारकडच्या मंडळ्यांत आजही भेटतात. इतिहास याला दुजोरा देत नाही.

ऑर्गनचा जन्म ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झाला आणि पुढे रोमन आखाड्यांत, झुंजींच्या गदारोळात, तो वाजू लागला. आरंभीच्या अनेक धर्मपित्यांनी, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती धर्मगुरू-लेखकांनी, वाद्यांचा संबंध मेजवान्यांशी व मूर्तिपूजेशी जोडून त्यांना उपासनेपासून दूर ठेवले. ग्रीक व रशियन परंपरेच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अजूनही बहुतांशी नुसत्या कंठाने गातात. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये १६व्या शतकात ऑर्गन काढून टाकण्यात आले, तर स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रॉटेस्टंट पंथाने वाद्यांना मुभा दिली ती थेट २०१० मध्ये. विरोधकांचा युक्तिवाद असा, की बायबलच्या नव्या करारात मंडळीला गाण्याची आज्ञा आहे, वाजवण्याची नाही. समर्थक बायबलमधलेच स्तोत्र १५० पुढे करतात, आणि तिथे डफ, तंतुवाद्ये व झांजा आहेत. म्हणजे आपल्या झांजांना शास्त्राधार आहेच!

पेटीची गंमत तर वेगळीच. जिला ‘देशी’ म्हणून नाक मुरडले जाते, त्या हार्मोनियमचे पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले गेले; पायाने भाता चालवायचे ते वाद्य मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगे झाले ते भारतात. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तनाची वाट ख्रिस्ती उपासनेत आणली, तीही मराठी मातीतलीच.