पातळ केसांना व्हॉल्यूम हवाय? मग आधी टेंपरेचर कमी करा

केस पातळ असले की बहुतेक जण एकच करतात, स्ट्रेटनर नाहीतर कर्लिंग टाँग घ्यायचं आणि टेंपरेचर पार वरपर्यंत न्यायचं, का तर म्हणे केस सेटिंग धरतच नाहीत. मला हे बघून खरंच वाईट वाटतं. पातळ केसांना 200-220 डिग्रीची गरजच नसते, आणि सेटिंग न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं, ते एकदा नीट समजलं की निम्म्या उष्णतेत दुप्पट चांगलं काम होतं.

केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रोटीन. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. एक गंधकाचे बंध, हे पक्के, साध्या पाण्याने किंवा ड्रायरने हलत नाहीत. 1906 च्या आसपास लंडनमध्ये कार्ल नेस्लर या जर्मन माणसाने उष्णता आणि अल्कली एकत्र वापरून केस कायमचे कुरळे करून दाखवले, तिथे या बंधांना हात घातला होता, आजचं पर्मिंगही त्याच बंधांवर चालतं. दुसरे हायड्रोजन बंध, एकेकटे अगदी कमजोर पण संख्येने प्रचंड, आणि आपलं रोजचं स्टायलिंग सगळं यांच्यावरच अवलंबून. केस भिजला की पाणी आत शिरून हे बंध सोडवतं, केस वाळला किंवा गरम होऊन थंड झाला की ते पुन्हा जुळतात, आणि त्या क्षणी केस ज्या आकारात असेल तोच आकार पक्का होतो. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री करतो ना, तिथेही नेमकं हेच घडत असतं, फक्त तिथे प्रोटीनऐवजी सेल्युलोज असतं.

म्हणजे उष्णता बंध मोकळे करते, आकार ठरतो तो थंड होताना. आणि हीच गोष्ट घरी सगळ्यात जास्त चुकते! गरम केस टाँगवरून सोडला आणि लगेच बोटांनी विस्कटला की तो बिचारा खाली लोंबलेल्या अवस्थेतच थंड होतो, मग चपटा बसतो. चांगल्या पार्लरमध्ये बघा, बट टाँगवरून काढली की तशीच गुंडाळलेली तळहातावर झेलतात, मुळाशी क्लिप लावतात आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू देत नाहीत. ड्रायरवरचं कूल शॉटचं, म्हणजे थंड हवेच्या झोताचं, बटण याच कामासाठी आहे, आणि बहुतेकांनी ते कधी दाबलेलंच नसतं.

आता पातळ केसच का चपटे बसतात? पातळ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात, डोक्यावर केसांची संख्या कमी असणं आणि एकेक केसच बारीक असणं. दोन्हींत डोकं चपटं दिसतं, पण बारीक केसाची अडचण वेगळी आहे. केसाचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे एक केस 100 मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) जाड आणि दुसरा 50 मायक्रॉन, तर दुसरा निम्मा नाही, तब्बल 16 पट कमी ताठ! असा केस मुळापासून उभा केला तरी स्वतःच्याच वजनाने वाकतो, त्यात टाळूचं तेल लागलं की शेजारचे केस एकमेकांना चिकटतात आणि संपलंच. म्हणूनच पातळ केस थोडे आखूड कापले की लगेच भरल्यासारखे दिसतात, वजनच कमी झालेलं असतं.

यातून एक गोष्ट उघड होते, व्हॉल्यूम टोकाला नसतो, मुळाशी असतो. केस टाळूतून बाहेर पडताना पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये कुठल्या कोनात वळतो त्यावर सगळं ठरतं. त्यामुळे टोकांना सुंदर कर्ल्स काढत बसण्यापेक्षा सगळी मेहनत मुळांवर घ्यायची. केस धुतल्यावर टॉवेलने रगडायचं नाही, दाबून पाणी टिपायचं, मुळांना थोडं मूस, म्हणजे केसांना लावायचा फेस, लावायचं (कंडिशनर मात्र फक्त खालच्या निम्म्या भागाला, मुळाशी अजिबात नको), मग डोकं खाली करून मध्यम उष्णतेवर हाताने केस हलवत साधारण 80 टक्के वाळवायचे. राहिलेला 20 टक्के ओलावा हाच कामाचा, कारण तो जाता जाताच बंध जुळणार आहेत. इथे राउंड ब्रश घ्यायचा, बोटभर जाडीची बट सरळ वर आणि किंचित पुढच्या बाजूला ओढायची, म्हणजे ती नेहमी पडते त्याच्या उलट, ड्रायरचा नॉझल मुळाकडून टोकाकडे फिरवायचा, मुळं पूर्ण कोरडी झाली की ब्रश तसाच ठेवून कूल शॉट, आणि मग बट वेल्क्रो रोलरवर (केसांना आपोआप चिकटून राहणारा खरखरीत रोलर) गुंडाळून सोडून द्यायची. भांगाच्या आजूबाजूच्या पाच-सहा बटा अशा केल्या तरी पुरतं, मागचं डोकं करत बसायची गरज नाही.

ड्रायर वाईट आणि हवेत वाळवलेलं चांगलं, हे आपण सगळे ऐकत आलोय. कोरियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे, त्यात ड्रायर 15 सेंटिमीटरवर धरला तर केसापाशी साधारण 47 डिग्री, 5 सेंटिमीटरवर धरला तर 95 डिग्री इतकं तापमान मिळालं. ड्रायर जितका जवळ तितकं केसाच्या वरच्या आवरणाचं नुकसान जास्त, हे अपेक्षितच होतं, पण नुसते हवेत वाळवलेले केस, जे बराच वेळ ओले राहिले, त्यांच्या आत पेशींना जोडणाऱ्या थराला इजा दिसली, ड्रायरवाल्यांमध्ये ती दिसली नाही. त्यांचा सल्ला असा की ड्रायर 15 सेंटिमीटर लांब धरा आणि सतत हलता ठेवा. एवढं केलं की ड्रायरची भीती बाळगायचं कारण नाही.

टाँग आणि स्ट्रेटनरचं प्रकरण मात्र गंभीर आहे, तिथे धातू थेट केसाला चिकटतो. केस कोरडा असेल तर केराटिनची रचना ढासळायला साधारण 230 डिग्रीच्या आसपास जावं लागतं, पण ओल्या केसात तेच 150 च्या आसपास होतं. शिवाय ओल्या केसातलं पाणी आतल्या आत उकळतं, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून तुटतो, डॉक्टर याला बबल हेअर म्हणतात. बट पकडल्यावर चर्र आवाज आला आणि वाफ निघाली तर तिथल्या तिथे थांबा. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारा स्प्रे, मारून लगेच टाँग लावला तरी हेच होतं, आधी तो पूर्ण वाळू द्यायचा, आणि त्याने उष्णतेचा मारा सौम्य होतो, शून्य होत नाही हेही लक्षात ठेवायचं. बारीक केस आतपर्यंत पटकन तापतो म्हणून 140 ते 160 डिग्री भरपूर झाले, एका बटेवर एकदाच, दोन-चार सेकंद. 1870 च्या दशकात पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो हा केशरचनाकार टाँग आचेवर तापवून लाटा काढायचा, तेव्हा टाँग आधी कागदाला लावून बघायचे, कागद करपला तर थांबायचे. आज आकडा समोर दिसतो, तर ज्यात टेंपरेचर कमी-जास्त करता येत नाही असं ऑन-ऑफवालं स्वस्तातलं मशिन पातळ केसांसाठी घेऊच नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 30 सेंटिमीटर लांब केसाचं टोक अडीच वर्षांचं जुनं असतं, त्याने आधीच खूप सोसलेलं असतं.

तेलाचंही सांगायला हवं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी निघून जातं, हे मुंबईच्या मॅरिको या खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलंय, तेव्हा न्हायच्या आधी तेल लावा, जरूर लावा. पण धुतल्यावर वरून तेल लावलं की बारीक केस एकमेकांना चिकटणारच, आणि तेलकट केसावर गरम टाँग तर नकोच.

आणि भांग अचानक रुंद दिसायला लागला असेल, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजकेच्या पुंजके हातात यायला लागले असतील, तर टाँग बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. मुळातला त्रास स्टायलिंगने झाकला जातो, बरा होत नाही.

राहिला पावसाळा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेत इतकं बाष्प असतं की केस ते शोषून घेतो, हायड्रोजन बंध सुटतात आणि सकाळची मेहनत दुपारपर्यंत बसते. हेअरस्प्रेच्या थराने हे थोडं लांबतं, थांबत नाही. अशा वेळी पुन्हा टाँग तापवू नका. मुळांवर पाण्याचा हलकासा फवारा मारा, भांगाजवळ दोन-तीन वेल्क्रो रोलर लावा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं बसा, मुळं पूर्ण कोरडी झाल्याशिवाय रोलर काढू नका.