निवृत्त हिरो (माय हिरो अ‍ॅकॅडेमिया)

निवृत्त हिरो म्हणजे माय हिरो अ‍ॅकॅडेमिया या जपानी अ‍ॅनिमेमधले असे हिरो, ज्यांची पॉवर गेली, शरीराने साथ सोडली किंवा ज्यांनी स्वतःहून काम बंद केलं. या गोष्टीत हिरो होणं ही रीतसर नोकरी आहे, लायसन्स काढावं लागतं, सरकारकडून पैसे मिळतात, वर्षातून दोनदा रँकिंग लागतं, त्यामुळे रिटायर होणंही तितकंच खरं आहे, कोणीतरी केप काढून खुंटीला अडकवली आणि गोष्ट संपली असं इथे होत नाही. जगातल्या साधारण ८० टक्के लोकांकडे जन्मतः काही ना काही शक्ती असते, तिला क्वर्क म्हणतात, आणि क्वर्क संपला की माणसाकडे काय उरतं हा प्रश्न ही सिरीज पहिल्या सीझनपासून शेवटच्या भागापर्यंत धरून ठेवते. माझ्या मते या सिरीजचा खरा जीव मारामारीत नसून या प्रश्नातच आहे.

मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, कोहेइ होरिकोशी यांचा. तो जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ शोनेन जंप या साप्ताहिकात चालला, एकूण ४३० प्रकरणं झाली. बोन्स स्टुडिओचा अ‍ॅनिमे एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला आणि आठवा, शेवटचा सीझन डिसेंबर २०२५ मध्ये संपला.

ऑल माइट आणि कामिनो

निवृत्त हिरो म्हटलं की पहिलं नाव ऑल माइटचं, खरं नाव तोशिनोरी यागी, वन फॉर ऑल या पिढ्यानपिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे दिल्या जाणाऱ्या शक्तीचा आठवा वारस. लोक त्याला शांततेचं प्रतीक म्हणतात. पण गोष्ट सुरू होते तेव्हाच तो अर्धा निवृत्त आहे, हे विसरून चालत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या एका लढाईत त्याचं पोट काढावं लागलंय, फुफ्फुसांचं काम निम्म्यावर आलंय, दिवसातून जेमतेम तीन तास तो त्या धिप्पाड रूपात राहू शकतो आणि उरलेला वेळ हाडांचा सापळा होऊन रक्त ओकत असतो. तरी हसत राहतो, कारण आपण हसलो नाही तर लोक घाबरतील हे त्याने स्वतःला पक्कं बजावून ठेवलंय.

तिसऱ्या सीझनमध्ये योकोहामातल्या कामिनो भागात ऑल फॉर वन या जुन्या शत्रूशी त्याची लढाई होते. ती टीव्हीवर लाइव्ह चालू असते आणि मध्येच त्याचं ते पीळदार शरीर गळून पडतं, सगळ्या देशाला तो सापळा दिसतो, आणि ढिगाऱ्याखाली अडकलेली एक बाई त्याला म्हणते की हरू नकोस, वाचव. उरलीसुरली ठिणगी पणाला लावून तो जिंकतो, डावी मूठ वर करतो. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणतो की आता तुझी पाळी.

त्या वाक्यावर जमलेली गर्दी जल्लोष करते, कारण त्यांना वाटतं हा व्हिलन लोकांना इशारा आहे. त्याच गर्दीत उभा असलेला इझुकू मिदोरिया, म्हणजे डेकू, या गोष्टीचा नायक आणि ऑल माइटने ज्याला वन फॉर ऑल दिलंय तो पोरगा, रडायला लागतो, कारण हे आपल्यासाठी आहे आणि त्याचा अर्थ 'माझं सगळं संपलं' असा आहे हे एकट्या त्याला कळलेलं असतं. एक बोट, एक वाक्य, आणि ऐकणाऱ्याप्रमाणे दोन उलटे अर्थ. निवृत्तीचा सीन इतका नेमका लिहिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मिदोरियांच्या घरी

कामिनोनंतर यू.ए., म्हणजे डेकू जिथे शिकतो आणि ऑल माइट शिकवतो ती हिरो घडवणारी शाळा, सगळ्या मुलांना होस्टेलवर ठेवायचं ठरवते आणि त्यासाठी शिक्षक घरोघरी पालकांची परवानगी मागायला जातात. डेकूच्या घरी ऑल माइट जातो. डेकूची आई, इंको, नाही म्हणते. ती ओरडत नाही, भांडत नाही, घाबरलेल्या आवाजात पण स्पष्ट सांगते की माझ्या मुलाचे हात प्रत्येक वेळी मोडतात आणि मी फक्त बघत बसते, अशा शाळेत मला त्याला पाठवायचं नाही. डेकूसुद्धा मग म्हणतो की दुसरी शाळा चालेल, मी कुठेही गेलो तरी हिरो होईन.

तेव्हा देशातला सगळ्यात मोठा हिरो त्या छोट्याशा घरात गुडघे टेकतो, डोकं जमिनीला लावतो आणि कबूल करतो की शिक्षक म्हणून मी कमी पडलो, यापुढे माझा जीव याच्यासाठी देईन. आणि इंको त्याला म्हणते की जीव देऊ नका, जगा, जगून माझ्या मुलाला सांभाळा आणि घडवा. माझ्या मते ऑल माइटची निवृत्ती कामिनोत नाही, इथे होते. तोपर्यंत त्याला लोकांसाठी मरणं एवढंच नीट येत होतं. जिवंत राहून रोज कोणाच्या तरी मागे उभं राहणं हे काम त्याला एका आईने लावून दिलंय आणि पुढचे सगळे सीझन तो ते शिकतोय, बऱ्याचदा चुकतोय.

त्याच्या निवृत्तीचा भार मुलांवरही पडतो. डेकूच्या वर्गातल्या बाकुगोला शत्रूंनी पळवलं होतं म्हणून कामिनोची लढाई झाली, त्यामुळे ऑल माइट माझ्यामुळे संपला हे त्या गर्विष्ठ पोराच्या मनात रुतून बसतं. तो रात्री डेकूला बोलावून मारामारी उकरून काढतो आणि लढता लढता रडतो, की मी दुबळा होतो म्हणून ऑल माइट संपला. शेवटी ऑल माइट येऊन त्याला जवळ घेतो आणि सांगतो की तुझ्यामुळे नाही, कधीतरी हे होणारच होतं. हे आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं, मोठ्यांच्या लक्षात उशिरा आलं.

मोकळी झालेली जागा

ऑल माइट निवृत्त झाल्यावर पहिला नंबर दुसऱ्या क्रमांकाच्या एंडेव्हर या हिरोकडे जातो, जो आयुष्यभर त्याच जागेसाठी झुरला आणि त्या हव्यासापायी ज्याने आपलं घर उद्ध्वस्त केलं. आता जागा मिळाली तर ती जिंकलेली नाही, समोरच्याने सोडलेली आहे, हे त्याला आतून खातं. चौथ्या सीझनच्या शेवटी फुकुओकात तो नोमूशी, म्हणजे शत्रूंनी बनवलेल्या एका राक्षसाशी, लढताना पडतो, लोक घाबरून पळतात, टीव्हीवरचा माणूस म्हणतो की प्रतीक उरलं नाही, आणि गर्दीतला एक तरुण ओरडतो की तो अजून लढतोय, त्याच्याकडे बघा ना! जिंकल्यावर एंडेव्हर मूठ वर करतो, पण उजवी. ऑल माइटची डावी होती. मुद्दाम केलेलं आहे ते, कॉपी नको पण धागा हवा.

पुढे व्हिलन लोकांशी झालेलं मोठं युद्ध हरल्यासारखं जिंकल्यावर मात्र निवृत्ती साथीसारखी पसरते. नवव्या नंबरचा बुजुर्ग हिरो योरोइ मुशा काम सोडतो, त्याच्यामागे कितीतरी जण सोडतात. एका माणसावर सगळ्या समाजाने भार टाकला की काय होतं ते इथे उघड होतं, आणि यात ऑल माइटचाही दोष आहे असं मला वाटतं, 'मी आलोय' हे त्याने इतकी वर्षं इतक्या छान आवाजात सांगितलं की बाकी कोणी यायचं असतं हे लोक विसरूनच गेले. कामिनोतल्या त्याच्या पुतळ्यावर कोणीतरी 'मी इथे नाहीये' अशी पाटी अडकवतं. सहाव्या सीझनमध्ये खचलेला ऑल माइट त्याच पुतळ्यापाशी बसलेला असतो तेव्हा एक बाई येते आणि पुतळा साफ करायला लागते. ही तीच, ढिगाऱ्याखालची.

ग्रॅन टोरिनो आणि मायक्रोवेव्ह

ग्रॅन टोरिनो, म्हणजे सोराहिको तोरिनो, हा ऑल माइटचा गुरू आणि सातवी वारस नाना शिमुरा हिचा मित्र. यामानाशीतल्या एका जुनाट बिल्डिंगमध्ये राहणारा बुटका म्हातारा. हिरो म्हणून त्याचं नाव कोणाला माहीतच नाही, कारण त्याने लायसन्स मुळात क्वर्क मोकळेपणाने वापरता यावा एवढ्यासाठीच काढलेलं. यू.ए.मध्ये एकच वर्ष शिकवलं, ऑल माइटला. अजूनही त्याच्या नावाने ऑल माइटचे पाय थरथरतात.

दुसऱ्या सीझनमध्ये डेकू त्याच्याकडे शिकायला जातो. डेकूचा प्रॉब्लेम असा की शक्ती वापरायची म्हटलं की एका बोटात किंवा एका हातात सगळी ओततो आणि हाड मोडून घेतो. म्हातारा लेक्चर देत नाही, घरात या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत त्याला बदडतो. मग तायाकी खायची वेळ येते, तायाकी म्हणजे माशाच्या आकाराचा, आत गोड सारण भरलेला केक, म्हाताऱ्याचा जीव आहे त्याच्यावर. डेकू ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो, म्हातारा चावा घेतो तर आत गारठलेलं. ताट मोठं होतं, आत फिरलंच नाही, म्हणून एकीकडे गरम आणि दुसरीकडे बर्फ. आणि डेकूच्या डोक्यात प्रकाश पडतो, की मीच ते तायाकी आहे, शक्ती एकाच जागी तापवतोय, सगळ्या अंगभर थोडी थोडी फिरवली पाहिजे. तिथून फुल काउल हे तंत्र जन्माला येतं, सुरुवातीला फक्त पाच टक्के ताकद पण पूर्ण शरीरात. पुढे सिरीजभर डेकू जे काही करतो त्याचा पाया त्या न फिरलेल्या ताटात आहे.

त्या मोठ्या युद्धात शिगाराकी या व्हिलनच्या हातून ग्रॅन टोरिनो जवळजवळ मरतो. त्याची पिवळी केप डेकू गळ्यात स्कार्फसारखी बांधून फिरतो, चिंध्या झाल्या तरी सोडत नाही.

इतर काही जण

रॅगडॉलचा शोध घेण्याचा क्वर्क ऑल फॉर वनने चोरला, त्यानंतर ती आपल्या पुसीकॅट्स टीममध्येच राहून ऑफिसची बाजू सांभाळते. मैदान सुटलं पण टीम सुटली नाही, असंही रिटायर होता येतं. डेकूच्या वर्गातल्या किरिशिमाने आपलं रेड रायट हे नाव क्रिमझन रायट या जुन्या काळच्या हिरोवरून घेतलंय, त्याला तो कधी भेटलेला नाही, फक्त एक जुनी मुलाखत बघून तो उभा राहिला, ज्यात तो हिरो सांगतो की भीती मलाही वाटते. व्हिजिलान्टीज या जोडसिरीजमधला नकलडस्टर पूर्वी ओक्लॉक नावाचा हिरो होता, त्याचाही क्वर्क चोरीला गेला, तरी नुसत्या मुठींच्या जोरावर नारुहातामध्ये गुंडांना बडवतो आणि कोइची या साध्या पोराला तयार करतो.

वारसा प्रत्येक वेळी चांगलाच असतो असंही नाही. नाना शिमुराने शत्रूपासून वाचवायला आपला मुलगा दुसऱ्यांकडे दिला, तो मुलगा हिरो या शब्दाचाच द्वेष करत मोठा झाला, आणि त्याच घरातून शिगाराकी निघाला. लेडी नॅगँट ही सरकारी आयोगासाठी गुपचूप माणसं मारणारी हिरो, असह्य झाल्यावर तिने अध्यक्षालाच मारलं आणि ती तुरुंगात गेली, तिची जागा मग हॉक्स या तरुण हिरोने भरली. लोकांना यातलं काही सांगितलं नाही.

डबा, चिलखत आणि पेटी

सहाव्या सीझनमध्ये डेकू एकटाच लढत भटकतो तेव्हा ऑल माइट गाडी घेऊन त्याच्या मागे मागे जातो, खायला डबा आणतो. डेकू त्याला मागे सोडून निघून जातो आणि तो डबा घेऊन तसाच राहतो. पूर्वी एका ठोशात हवामान बदलणारा माणूस, आता पोराने दोन घास खावेत एवढंच त्याला करता येतं आणि तेही होत नाही.

शेवटच्या युद्धात तो क्वर्क नसताना यांत्रिक चिलखत घालून ऑल फॉर वनसमोर उभा राहतो. त्या चिलखतातली हत्यारं त्याने आपल्या वर्गातल्या मुलांच्या शक्तींवरून आणि नावांवरून बनवून घेतलीत. गुरू शिष्यांकडून शिकून मैदानात उतरलाय. मरता मरता त्याला वाचवतो तो बाकुगो, ज्याला वाटत होतं की आपण याला संपवलं.

युद्धात डेकूची शक्तीही खर्ची पडते. आठ वर्षांनी तो यू.ए.मध्ये शिक्षक आहे, बरोबरीचे मित्र हिरो झालेत आणि तो मुलांना शिकवतोय, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आत तोही या नोंदीतला एक. मग वर्गातले जुने मित्र पैसे जमवतात, सगळ्यात जास्त धडपड बाकुगोची, आणि शक्ती नसताना पुन्हा हिरो होता यावं म्हणून त्याच्यासाठी एक सूट बनतो. तो सूट असलेली पेटी डेकूच्या हातात आणून देतो ऑल माइट, म्हातारा झालेला, अजून जिवंत, इंकोने सांगितलं होतं तसा.