ई-कॅडहेरिन आणि लोब्यूलर निदानाचा वाद : पार्श्वभूमी

स्तनाच्या बायोप्सीच्या अहवालात ई-कॅडहेरिन या प्रथिनाची एक ओळ असणे आता पुण्यात जवळजवळ नेहमीचे झाले आहे. सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतून मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळांकडे येतात आणि सोबतच्या चिठ्ठीत पुष्कळदा एवढेच विचारलेले असते, की गाठ डक्टल (दूधनलिकांच्या प्रकारची) आहे की लोब्यूलर (दूध तयार करणाऱ्या खंडिकांच्या प्रकारची), हे ई-कॅडहेरिन लावून, म्हणजे हे प्रथिन रंगवून, कळवावे. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाकडे निवाड्याचा हा अधिकार कसा आला आणि तो त्याला कितपत पेलतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकत्र येतात, हे 1907 मध्ये स्पंजाच्या पेशी रेशमी कापडातून गाळून दाखवले गेले होते. 1955 मध्ये उभयचरांच्या भ्रूणांवरील प्रयोगांनी त्यात भर घातली, कारण निरनिराळ्या थरांच्या पेशी मिसळून टाकल्या तरी त्या आपापल्या जातीच्या पेशींशी जुळून वेगळ्या होतात, असे त्यात आढळले. हे कशाच्या बळावर घडते, याचा पक्का धागा 1977 मध्ये क्योटोत सापडला. हॅम्स्टरच्या फुप्फुसातील पेशींना कॅल्शियम असताना ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर दिले, तर त्यांची चिकटण्याची एक क्षमता टिकून राहते आणि कॅल्शियम काढून घेऊन दिले तर ती नाहीशी होते, असे तेथे दिसून आले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये उंदराच्या आठ पेशींच्या भ्रूणाला घट्ट होऊ न देणाऱ्या प्रतिद्रव्याचा शोध चालू होता, न्यूयॉर्कमध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या यकृतावर काम चालले होते, आणि 1983 मध्ये मानवी स्तनगाठीच्या एमसीएफ-7 पेशींनी पोषक द्रवात सोडलेल्या 80 किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) तुकड्यावरून मूळचे 120 किलोडाल्टनचे प्रथिन ओळखले गेले. उव्होमॉरुलिन, एल-कॅम, सेल-कॅम 120/80 आणि कॅडहेरिन अशी नावे काही वर्षे शेजारीशेजारी नांदली. 1987 मध्ये जनुकांचे क्रम वाचले गेल्यावर उंदीर, कोंबडी आणि माणूस या तिन्हींत आपण एकाच प्रथिनाचा, म्हणजे आजच्या ई-कॅडहेरिनचा, पाठलाग करत होतो, हे सर्वांनाच मान्य करावे लागले.

त्याची रचना कळल्यावर कॅल्शियमचे महत्त्वही उलगडले. पेशीच्या बाहेर या प्रथिनाचे पाच खंड एकापुढे एक असतात आणि लागोपाठच्या दोन खंडांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन बसतात, म्हणजे चार सांध्यांत मिळून बारा. ते असले की प्रथिन ताठ उभे राहते, टोकाच्या खंडातील दुसऱ्या क्रमांकाचे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल समोरच्या पेशीवरील जोडीदाराच्या खाचेत शिरते आणि पकड बसते. आयन निघून गेले की सांधे ढिले पडतात आणि ट्रिप्सिनला कापायला जागा मिळते. पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत हे रोज डोळ्यांसमोर घडते. एमसीएफ-7 पेशींच्या फ्लास्कमधले माध्यम काढून कॅल्शियम पकडणारे ईडीटीए घातले, की फरशीसारख्या सलग दिसणाऱ्या थरात आधी बारीक फटी पडतात, मग पेशींच्या कडा गोलावू लागतात, आणि काही मिनिटांत तोच थर सुट्या चकाकत्या गोळ्यांचा होऊन जातो. ही कृती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्यामागचे कारण सहसा सांगितले जात नाही, हे खेदाचे आहे, कारण या प्रथिनाचे जीवशास्त्र याहून स्पष्ट दुसरीकडे कोठेही दिसत नाही.

पेशीच्या आतल्या शेपटीला कॅटेनिन नावाची प्रथिने जोडलेली असतात. त्यांची ओळख 1989 मध्ये पटली. शेपटीला बीटा-कॅटेनिन, त्याला अल्फा-कॅटेनिन आणि त्याला पेशीच्या आतल्या सांगाड्यातील ॲक्टिनचे तंतू, अशी सरळ साखळी पाठ्यपुस्तकांत छापली गेली. 2005 मध्ये अल्फा-कॅटेनिन दोन्ही टोके एकाच वेळी धरत नाही, असे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर त्या चित्राला हादरा बसला, आणि 2014 मध्ये ताण दिला असता ती साखळी खरोखर जुळते, असे दाखवले गेल्यावर ते बऱ्याच अंशी सावरले. निदानाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कॅटेनिन म्हणजे पी-120. कॅडहेरिन जागेवर असेल तर ते पेशीच्या कडेला थांबते, कॅडहेरिन गेले तर पेशीद्रवात पसरते. या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

1991 च्या सुमारास कर्करोगाच्या पेशींतून ई-कॅडहेरिन गेले तर त्या आसपासच्या ऊतींत घुसतात आणि परत दिले तर त्यांचे घुसणे मंदावते, असे दिसले. 1994 मध्ये जठराच्या विखुरलेल्या प्रकारच्या कर्करोगात आणि 1995 मध्ये स्तनाच्या लोब्यूलर कर्करोगात त्याच्या जनुकातील उत्परिवर्तने सापडली. लोब्यूलर प्रकाराचे वर्णन 1941 पासून होत आले होते, आणि ते सर्वस्वी आकारावर आधारलेले होते. नलिका किंवा गोळे न करता पेशी मुंग्यांसारख्या एकेरी रांगेत तंतुमय ऊतीतून निघतात, आणि आसपासची रचना फारशी न बिघडवता पसरतात. म्हणूनच ती गाठ हाताला उशिरा लागते आणि मॅमोग्राफीवरही निसटते. या आकाराला आता रेणूचे कारण मिळाले. हे जनुक 16व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. बहुतेक गाठींत एक प्रत उत्परिवर्तनाने निकामी होते आणि दुसरी त्या भुजेसह गळून पडते. उत्परिवर्तन सुमारे दोनतृतीयांश लोब्यूलर गाठींत आढळते.

कारण सापडले म्हणून कसोटीही सापडली, असे मानले गेले, आणि आजचा सारा वाद या एका पावलाचा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ई-कॅडहेरिनचा रंग, म्हणजे त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने ते स्लाइडवर रंगवून पाहणे, जगभर रूढ होऊ लागला. नलिकेच्या पेशींची कडा तपकिरी रेघेने उठून दिसते, लोब्यूलर पेशी निळसर आणि कोऱ्या राहतात. पाहायला ते इतके सोपे आहे की त्याचा मोह पडतो. परंतु आकाराने निःसंशय लोब्यूलर असलेल्या गाठींपैकी सुमारे 15 टक्के गाठींत रंग येतोच. कधी तो तुटक असतो, कधी पेशीद्रवात ठिपक्यांसारखा, तर कधी पूर्ण कडेला. प्रथिन जागेवर आहे पण त्याची शेपटी कॅटेनिनला धरू शकत नाही, असे झाले तर प्रतिपिंडाला ते दिसते, पेशीला मात्र त्याचा उपयोग नसतो. शिवाय काही प्रतिपिंडे बाहेरच्या भागाला चिकटतात आणि काही आतल्या शेपटीला, त्यामुळे कोणते वापरले यावरही उत्तर बदलू शकते. उलट बाजूने, नमुना ऊती टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये उशिरा गेला असेल तर असलेले प्रथिनही हरवते. अशा वेळी त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका रंगल्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय कोऱ्या पेशींवर विश्वास ठेवणे धोक्याचे असते.

या अडचणी समोर आल्यावर दोन भूमिका उभ्या राहिल्या. एका बाजूचे म्हणणे असे, की आकारावरच सोपवले तर दोन तज्ज्ञांचे मत दोन प्रकारचे होते, विशेषतः पेशी भरीव गोळ्यांत वाढतात तेव्हा, म्हणून रंगाला निर्णायक मानावे. दुसरी बाजू सांगते, की आकार स्पष्ट असेल तर रंग आला म्हणून लोब्यूलरचे डक्टल करू नये, आणि शंका असेल तेव्हाच रंगाचा आधार घ्यावा. सध्याचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण या दुसऱ्या भूमिकेच्या बाजूला झुकलेले आहे, आणि प्रस्तुत टिपणाचे मतही तेच आहे. शंकेच्या प्रसंगी पी-120 आणि बीटा-कॅटेनिन सोबत लावले तर गोंधळ पुष्कळ कमी होतो. ई-कॅडहेरिनची कडा रंगलेली असूनही पी-120 पेशीद्रवात पसरलेले असेल आणि बीटा-कॅटेनिन कडेवरून गेलेले असेल, तर पकड मोडलेली आहे हे कळून येते. खर्च वाढतो हे खरे आहे आणि बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाला तो जाणवतो. म्हणूनच सरसकट रंग लावण्यापेक्षा नेमक्या शंकेसाठी तीन रंग लावणे अधिक न्याय्य आहे.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. गाठ जागच्या जागीच असेल, म्हणजे आसपासच्या ऊतींत घुसलेली नसेल, तर नलिकेतील प्रकार कडेसह काढावा लागतो आणि अनेकदा किरणोपचार द्यावे लागतात, तर नेहमीच्या स्वरूपाच्या लोब्यूलर प्रकाराला 2018 पासून लागू झालेल्या, कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत कर्करोगातून वगळले गेले आहे. एका रंगाच्या चुकीच्या वाचनाने एका स्त्रीवर अनावश्यक शस्त्रक्रिया होऊ शकते आणि दुसरीची आवश्यक शस्त्रक्रिया राहून जाऊ शकते. आक्रमक लोब्यूलर गाठ पुढे पोटाच्या आवरणात, अंडाशयात किंवा आतड्यात उतरण्याची शक्यता अधिक असते, म्हणून काही वर्षांनी पोटाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचा जुना अहवाल बरोबर असणे तितकेच गरजेचे आहे. भारतातील नोंदींत लोब्यूलरचे प्रमाण पाश्चात्त्य देशांतल्या 10 ते 15 टक्क्यांपेक्षा कमीच दिसत आले आहे, त्यामुळे एकेका तज्ज्ञाच्या नजरेखालून अशा गाठी कमी जातात आणि रंगावरचे अवलंबन वाढते.

दरम्यान जीवशास्त्रही जागच्या जागी राहिलेले नाही. हे प्रथिन गेले की कर्करोग पसरतो, हे सूत्र 2019 मध्ये डळमळले. स्तनाच्या डक्टल कर्करोगाच्या प्रायोगिक प्रतिरूपांत ते काढून टाकल्यावर पेशी अधिक घुसल्या खऱ्या, परंतु दूरच्या अवयवांत रुजताना मोठ्या संख्येने मेल्या.

आनुवंशिक बाजूला प्रश्न आणखी अवघड आहे. 1998 मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत या जनुकातील जन्मजात दोष जठराच्या कर्करोगाशी जोडला गेला, आणि हा दोष असलेल्या निरोगी व्यक्तींनी, म्हणजे वाहकांनी, साधारण विशी ते तिशीत संपूर्ण जठर काढून घ्यावे, असा सल्ला पुढे रूढ झाला. 2015 च्या अंदाजात वाहक पुरुषांचा जठराच्या कर्करोगाचा जन्मभराचा धोका 70 टक्के आणि स्त्रियांचा 56 टक्के होता; 2019 मध्ये अधिक व्यापक कुटुंबांवरून तो अनुक्रमे 42 आणि 33 टक्क्यांवर आला. पहिले आकडे ज्या घरांत अनेक रुग्ण होते अशाच घरांतून आलेले होते. जनुकचाचणी आता पुण्यातही सहज होते आणि जठराच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास नसलेल्या लोब्यूलर रुग्णांतही हा दोष अधूनमधून निघतो. अशा स्त्रीच्या निरोगी मुलामुलींना कोणता आकडा लागू करावा, याबद्दल समुपदेशकांत एकवाक्यता नाही, आणि दरम्यान दरवर्षी एंडोस्कोपी करून जठराचे अनेक छोटे तुकडे तपासत राहणे हाच पर्याय बहुतेकांपुढे ठेवला जातो.