व्हॅनच्या दरवाज्याचं लॉक नेमकं कुठं हारते

खेड्यापाड्यात व्हॅन म्हणजे नुसती गाडी नसते, कित्येकांचं तेच दुकान असते. मोटार रिवाइंडिंगवाल्याची तांब्याच्या ताराची बंडलं तिच्यात, मंडप-साउंडवाल्याचे अँप्लिफायर अन् मिक्सर तिच्यातच, आणि आठवडी बाजारात कापडं विकणारा तर रात्री माल उतरवतही नाही कारण सकाळी दुसऱ्या गावचा बाजार असते. एवढा माल ज्या लॉकच्या भरवशावर ठेवतो ते आतून कसं चालते हे मात्र चोरी होईस्तोवर कुणी पाहत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहून राहिलो.

गाडीच्या दारात बहुतेक करून पत्त्यांचं लॉक असते. किल्ली जिथं घालतो त्या गोल नळीत लहान लहान पातळ धातूच्या पत्त्या बसवलेल्या असतात, प्रत्येकीमागं बारीक स्प्रिंग. किल्ली नसली की पत्त्यांची टोकं नळीबाहेर निघून खाचेत अडकतात आणि नळी फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या दातांमुळं प्रत्येक पत्ती नेमकी तिच्या उंचीवर येते, टोकं आत जातात, नळी फिरते. समजा लॉकमध्ये ६ पत्त्या आहेत अन् प्रत्येकीच्या ४ वेगवेगळ्या उंच्या असू शकतात, तर ४ ला ४ नं असं करत सहादा गुणलं की ४०९६ जुळण्या होतात. नवीन लॉकसाठी हे वाईट नाही.

पण वीसेक वर्षं जुन्या व्हॅनची किल्ली हातात घेऊन नीट पाहा. दातांचे कोपरे गोल झालेले असतात, वरचा चकचकीत मुलामा उडून आतलं पितळ दिसते, टोकाकडं तर दात जवळपास सपाट. आतल्या पत्त्याही तशाच झिजतात. झीज मिलिमीटरच्या काही दशांशाचीच असते, पण दोन उंच्यांमधला फरकही तेवढाच असते. शेजारच्या दोन उंच्यांतला फरक लॉकला कळेनासा झाला की ४ च्या जागी २ च उरतात, आणि २ ला सहादा गुणलं की येतात फक्त ६४. म्हणूनच जुन्या गाडीला कधी कधी भलतीच चाबी लागून जाते, लोक म्हणतात "अरे हे तं कशानंही उघडून राहिलं बाप्पा", त्यात जादू काहीच नाही.

यावर उपाय म्हणजे नवीन लॉक सेट, आणि तो लय महागही पडत नाही. नवा घेतला की सोबत किल्लीचा नंबर येतो, कधी वेगळ्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असते तर कधी किल्लीवरच, तो घरी लिहून ठेवा अन् बिल्ला गाडीत ठेवू नका. डुप्लिकेट चाबी करायची तर मूळ किल्लीवरूनच करा. झिजलेल्या किल्लीवरून केली, मग त्या डुप्लिकेटवरून तिसरी केली, तर दरवेळी थोडी चूक वाढत जाते आणि ती ओढूनताणून फिरवता फिरवता पत्त्या आणखी झिजतात.

आपल्याकडं झीज लवकर होण्याचं आणखी एक कारण म्हणजे धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळाभर सगळीकडं, आणि लॉक जड झालं की आपण त्यात गाडीचं ऑइल सोडतो. ऑइलमध्ये धूळ बसून चिकट गाळ होते, स्प्रिंगा दबलेल्या राहतात, पत्त्या अर्ध्यावरच अडकतात. त्यापेक्षा ग्राफाइटची पूड बरी, तिच्यात कार्बनचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ती कोरडीच गुळगुळीत राहते. आधी लॉक साफ करून कोरडं होऊ द्यायचं मगच पूड टाकायची, ऑइलवर टाकली तर काळा चिखल होईल.

आता हे सगळं ठीक केलं तरी चोर लॉक उघडायच्या भानगडीत पडेलच असं नाही. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं जोसेफ ब्रामाचं प्रसिद्ध कुलूप उघडून दाखवलं, ब्रामाच्या दुकानात साठेक वर्षं आव्हान म्हणून ठेवलेलं होतं ते. हॉब्सला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. बाजाराच्या मागं अंधारात उभा असलेल्याला ५१ मिनिटंही मिळत नाहीत, म्हणून तो कुलपाला हात न लावता बाजूचा पत्रा वाकवतो किंवा काच फोडतो. त्याचा जेवढा जास्त वेळ जाईल अन् जेवढा आवाज होईल तेवढी आपली सोय.

मालाच्या दाराला वेगळा कडीकोयंडा लावून मोठं कुलूप घालणं हा आपल्याकडचा स्वस्त मार्ग, आणि चांगलाही, पण तो लावतात कसा यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या रिपिटा ठोकून देतात. चोर कोयंड्याखाली सब्बल घालून तो उचकटतो, त्या सब्बलीचा हिशोब पाहा. टेकूपासून हाताकडची बाजू ६० सेंटीमीटर आणि टोकाकडची ३ सेंटीमीटर असली, तर हातानं ३० किलोचा जोर लावला की टोकाशी ६०० किलो मिळतो. एवढ्यात रिपिटा निघतातच. उलट डोक्यावर ८.८ कोरलेला (म्हणजे मजबूत पोलादाचा) ८ एमएमचा बोल्ट ओढून तोडायला जवळपास ३ टन लागतात. बोल्ट टिकेल पण दाराचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचाही नसते, तो भोकापाशी फाटून बोल्ट वायसरसकट बाहेर येईल. म्हणून आतून पंजाएवढी ३ एमएमची लोखंडी पट्टी टाकायची, ओढ सगळ्या पट्टीवर पसरते आणि पत्रा फाटायला लय जास्त जोर लागतो. बोल्ट गोल डोक्याचा अन् मानेला चौकोन असलेला घ्या, नट आतून कसा, म्हणजे बाहेरून पाना लावायला काही उरतच नाही. अन् कोयंडा दाराला इतका चिकटून बसवा की सब्बलीचं टोक शिरायला फटच राहू नये.

कुलपाची कडी जाड पाहिजे, कारण तोडायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या हिशोबानं वाढते, ६ एमएमच्या जागी १२ एमएमची घेतली तर चौपट. कडी लोखंडी आवरणात झाकलेली असेल तर आणखी बरं, कटरच्या जबड्याला पकड मिळत नाही.

वेल्डिंगवाला म्हणेल दोन टाके मारून देतो. मी तरी नाही मारू देणार. उष्णतेनं आतला रंग जळतो आणि पहिल्या पावसाळ्यातच आतून गंज सुरू होते, वरून गॅसची गाडी असेल तर धोका वेगळाच. भोक पाडलं तरी त्याच्या कडेला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) लावूनच बोल्ट टाका.

दाराच्या आत एक गोष्ट तपासाची राहून जाते. लॉकपासून खिट्टीपर्यंत सळया जातात आणि त्या प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेल्या असतात. वर्षानुवर्षं उन्हात तापून क्लिप ठिसूळ होते, तुटते, मग वरचं बटण खाली जाते पण दार लॉक होतच नाही. लॉक केल्यावर प्रत्येक हँडल एकदा ओढून पाहाची सवय लावा, रिमोटवाल्या गाडीतसुद्धा. रिमोटचा किट बसवत असाल तर दरवेळी कोड बदलणारा मागा, एकच ठरलेला कोड पाठवणाऱ्याचा सिग्नल पकडून परत वापरता येतो. किल्लीत चिप असलेली गाडी चोरून चालू करणं कठीण, पण मालाला त्या चिपचा काही उपयोग नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. ज्या दारातून माणसं चढतात उतरतात, शाळेची पोरं बसतात, त्याला बाहेरून कडीकोयंडा लावायचा नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीतली हवा पहिल्या १० मिनिटांतच साधारण १० अंशानं वाढू शकते आणि लहान पोराचं अंग मोठ्यापेक्षा लवकर तापते. कोयंडा फक्त मालाच्या दाराला, अन् बसवून झाल्यावर एकानं आत बसायचं, बाकी सगळी दारं बाहेरून लॉक करायला लावायची आणि आतल्या हँडलनं ती उघडतात का ते पाहून मगच कारागिराचे पैसे द्यायचे.